लोकलला सगळं हिरवं, सीआयवर मात्र लाल: जँगोच्या पॅचमध्ये पुन्हा पुन्हा येणारी अडचण

पॅच, म्हणजे कोडमधला आपला बदल, तयार असतो. लोकलला, म्हणजे आपल्याच मशीनवर, टेस्ट चालवलेल्या असतात, सगळ्या पास. पुल रिक्वेस्ट (बदल प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती) टाकतो आणि थोड्या वेळाने बघतो तर सीआयवर, म्हणजे प्रत्येक पॅचवर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेवर, दोन लाल फुल्या. एक फॉरमॅटिंगची, दुसरी अशा टेस्टची जिला आपण हातही लावलेला नाही. मग बहुतेक जण 'पुन्हा चालवा'चं बटण दाबतात. कधी कधी टेस्ट दुसऱ्या खेपेला पास होते, जीव भांड्यात पडतो, आणि तीच टेस्ट काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या पॅचवर फुटते.

जँगोला, म्हणजे पायथनमधल्या या वेब फ्रेमवर्कला, पॅच देताना हे माझं स्वतःचं झालं आहे आणि इतरांचे पॅच तपासताना तर इतक्यांदा पाहिलं आहे की एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. माझं सांगणं एवढंच: सीआय लाल असेल तर कोडला हात लावण्याआधी ते लाल आपल्या मशीनवर आणा. टेस्ट तुमच्यासमोर दर वेळी फुटत नाही तोवर तुम्ही केलेला प्रत्येक बदल अंदाजपंचेच असतो. लोकल आणि सीआय यांच्यात फरक पडण्याच्या जागा फार नाहीत. टूलची आवृत्ती, टेस्टचा क्रम आणि डेटाबेस, या तिघांतच बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

आधी फॉरमॅटिंगचं निस्तरू

जँगोचा पायथन कोड ब्लॅक या टूलने फॉरमॅट होतो. तसं करायचं २०१९मध्येच ठरलं होतं, पण ब्लॅकची स्थिर आवृत्ती येईपर्यंत थांबायचं असंही ठरलं होतं. ती, म्हणजे २२.१.०, जानेवारी २०२२मध्ये आली आणि फेब्रुवारीत अख्खा कोडबेस बदलला गेला. जोडीला इम्पोर्टचा क्रम लावायला आयसॉर्ट आणि बाकीच्या चुका पकडायला फ्लेक८ आहेत.

स्टाइलची तपासणी लाल झाली की पहिला प्रश्न: तुमच्याकडचं ब्लॅक कोणत्या आवृत्तीचं आहे? एका कॅलेंडर वर्षात फॉरमॅटिंगचे नियम बदलायचे नाहीत, बदल नव्या वर्षाच्या पहिल्या आवृत्तीत आणायचे, असं ब्लॅकचं धोरण आहे. त्यामुळे एडिटरमध्ये गेल्या वर्षीचं ब्लॅक बसलेलं असेल आणि प्रोजेक्टने या वर्षीचं घेतलं असेल, तर दोघांचं जमणार नाही. हे ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही न लिहिलेल्या ओळी डिफमध्ये बदललेल्या दिसतात. अशा वेळी एडिटरची सेव्ह करताना फॉरमॅट करायची सोय त्या प्रोजेक्टपुरती बंद करा आणि प्री-कमिटवर, म्हणजे कमिट करताना ही टूल आपोआप चालवणाऱ्या साधनावर, भरवसा ठेवा. रेपॉझिटरीतल्या प्री-कमिटच्या कॉन्फिग फाइलमध्ये प्रत्येक टूलची आवृत्ती बांधून दिलेली असते.

प्री-कमिट वापरणाऱ्यांचीही दोन ठिकाणी फसगत होते. एक, रेपॉझिटरी क्लोन केली म्हणून त्याचा हुक (कमिटच्या वेळी आपोआप चालणारी स्क्रिप्ट) आपोआप बसत नाही. गिटचे हुक क्लोनबरोबर येत नाहीत, प्रत्येक नव्या क्लोनमध्ये 'प्री-कमिट इन्स्टॉल' एकदा चालवावंच लागतं. नवीन लॅपटॉप घेतला की हे हमखास विसरतं. दुसरं, हुक फक्त स्टेज केलेल्या फाइल तपासतो. आधीच्या कमिटमध्ये हुक नसताना शिरलेली चूक त्याला दिसत नाही. म्हणून पुश करण्याआधी 'ऑल-फाइल्स' पर्याय देऊन एकदा सगळ्या फाइलवरून हात फिरवून घ्या.

फ्लेक८चं दुखणं थोडं वेगळं असतं. त्याची मुळातली ओळीची मर्यादा ७९ अक्षरं, ब्लॅकची ८८. शिवाय स्लाइसमधल्या कोलनआधी ब्लॅक कधी कधी जागा सोडतं आणि नेमकी त्यावर ई२०३ ही तक्रार येते. जँगोच्या कॉन्फिगमध्ये या दोन्हींचा बंदोबस्त केलेला आहे, पण ती कॉन्फिग वाचली गेली तर! टेस्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून किंवा एडिटरच्या स्वतःच्या सेटिंगने फ्लेक८ चालवलं की ती वाचली जाईलच याची खात्री नाही. ब्लॅकने केलेलं फ्लेक८ नाकारतंय आणि फ्लेक८चं ऐकलं तर ब्लॅक पुन्हा पहिल्यासारखं करतंय, अशा चक्रात अडकलात तर कोड बदलू नका. रेपॉझिटरीच्या मुळाशी जाऊन तीच कमांड पुन्हा द्या.

एक तक्रार मात्र खरी असते. ब्लॅक लांब स्ट्रिंग आणि लांब कॉमेंट तोडत नाही. म्हणजे ब्लॅक पास झालं तरी ८८च्या पुढे गेलेली स्ट्रिंग फ्लेक८ला सापडते आणि ती हातानेच तोडावी लागते. कॉमेंट आणि डॉकस्ट्रिंगसाठी तर जँगोचा नियम ७९ अक्षरांचा आहे.

टूल पकडत नाहीत असेही नियम आहेत. एफ-स्ट्रिंगमध्ये साधं व्हेरिएबल किंवा त्याची प्रॉपर्टी एवढंच घ्यायचं, आत फंक्शन कॉल करायचा नाही. भाषांतरासाठी मार्क केलेल्या मजकुरात एफ-स्ट्रिंग वापरायचीच नाही. एक्सेप्शन तपासताना 'असर्टरेझेस'ऐवजी 'असर्टरेझेसमेसेज' वापरायचं, म्हणजे योग्य जातीची पण भलत्याच कारणाने आलेली चूक पास होत नाही. खरं-खोटं तपासायचं असेल तर 'असर्टट्रू'पेक्षा 'असर्टइज' घ्यायचं, कारण पहिल्याला रिकामी नसलेली कुठलीही लिस्ट चालते. यातला शेवटचा नियम मला सुरुवातीला उगाच कडक वाटायचा. मग माझीच एक टेस्ट कित्येक महिने चुकीच्या कारणाने पास होत होती हे कळलं, आणि तेव्हापासून मी तो दुसऱ्यांना आवर्जून सांगतो.

फॉरमॅटिंगच्या आधीची जुनी ब्रँच

हा प्रसंग रोज येत नाही, पण आला की माणूस पॅच सोडून देतो, म्हणून सांगतो. ब्रँच फेब्रुवारी २०२२च्या आधीची आहे आणि आता रीबेस करायची आहे, म्हणजे आपले बदल नव्या कोडवर पुन्हा बसवायचे आहेत. सरळ रीबेस केलं तर प्रत्येक फाइलमध्ये कॉन्फ्लिक्ट येतात आणि त्यातले बहुतेक केवळ कोट आणि ओळी तोडण्याचे असतात.

ते हाताने सोडवू नका. आधी तुमचे कमिट एकत्र करून एकच कमिट करा. ब्रँच फॉरमॅटिंगच्या कमिटच्या अगदी आधीच्या कमिटवर रीबेस करा. इथे येणारे कॉन्फ्लिक्ट खरे असतात, ते नीट वाचून सोडवा. मग तुम्ही बदललेल्या फाइलवर तेव्हाच्याच आवृत्तीचं ब्लॅक चालवून कमिट दुरुस्त करा. आता फॉरमॅटिंगच्या कमिटवर रीबेस करताना स्ट्रॅटेजीचा पर्याय 'देअर्स' द्या. रीबेसमध्ये 'देअर्स' म्हणजे तुमचे स्वतःचे बदल, मर्जच्या नेमकं उलट. हे लक्षात ठेवलं नाही तर सगळी मेहनत पुसली जाते. एवढं झालं की तिथून पुढे मेन ब्रँचपर्यंतचा रीबेस नेहमीसारखा.

आणि 'ब्लेम' या, कोणती ओळ कोणत्या कमिटने बदलली ते दाखवणाऱ्या गिटच्या कमांडमध्ये प्रत्येक ओळीवर फॉरमॅटिंगचाच कमिट दिसत असेल, तर रेपॉझिटरीत असे कमिट वगळायची यादी ठेवलेली आहे. गिटच्या 'ब्लेम.इग्नोअररेव्ह्जफाइल' या सेटिंगला ती फाइल दाखवा. गिट २.२३ किंवा त्यानंतरचं हवं.

टेस्ट: घोळक्यात एक, एकटी असताना दुसरंच

खरा वेळ खाते ती ही बाजू. जँगोच्या टेस्ट 'रनटेस्ट्स' या स्क्रिप्टने चालतात आणि मशीनला जितके कोअर असतील त्या मानाने त्या अनेक प्रोसेसमध्ये वाटल्या जातात. सुरुवातीलाच स्क्रिप्ट जास्तीत जास्त किती प्रोसेस वापरणार ते छापते. ती ओळ कुणी वाचत नाही, पण कोडं बऱ्याचदा तिथेच असतं. वाटणी टेस्टच्या क्लासनुसार होते. तुमच्याकडे आठ कोअर आणि सीआयवर दोन असतील, तर तुमच्या क्लासच्या आधी त्याच प्रोसेसमध्ये कोणते क्लास चालले हे दोन्हीकडे वेगळं असतं. आधीच्या कुणी काही सांडून ठेवलं असेल तर त्याचा त्रास एकीकडे होतो, दुसरीकडे होत नाही.

माझ्याच एका पॅचमधलं उदाहरण देतो. जेनेरिक रिलेशनसंबंधी (कुठल्याही मॉडेलशी जोडता येणाऱ्या दुव्यासंबंधी) बदल होता आणि एका व्ह्यूमध्ये दोनच क्वेरी जातात हे 'असर्टनमक्वेरीज'ने तपासणारी टेस्ट मी लिहिली होती. लोकलला त्या ॲपच्या सगळ्या टेस्ट चालवल्या, पास. सीआयवर फेल: दोन अपेक्षित, तीन झाल्या. मी पुन्हा लोकलला चालवली, पास. तासभर मी व्ह्यूचाच कोड वाचत बसलो आणि तिसरी क्वेरी कुठून येते ते शोधत राहिलो. तो तास वाया गेला, कारण तिसरी क्वेरी काय आहे हे सीआयच्या लॉगमध्येच लिहिलेलं होतं. ही असर्ट फेल झाली की ती पकडलेल्या सगळ्या क्वेरी क्रमाने छापते. लॉग शेवटपर्यंत वाचला तेव्हा दिसलं की पहिली क्वेरी कंटेंट टाइपच्या, म्हणजे कोणकोणती मॉडेल आहेत याच्या नोंदींच्या, टेबलवर होती.

तिथे उलगडा झाला. कंटेंट टाइपचा मॅनेजर एकदा मिळालेली नोंद प्रोसेसच्या मेमरीत जपून ठेवतो. माझ्याकडे आधीच्या एका क्लासने तीच नोंद मागवलेली होती, त्यामुळे कॅशे भरलेला होता आणि दोनच क्वेरी गेल्या. सीआयवर माझा क्लास ज्या प्रोसेसमध्ये गेला तिथे कॅशे रिकामा होता. मग मी तो क्लास एकट्याने, 'पॅरलल' पर्यायाला १ देऊन चालवला. पहिल्याच फटक्यात तीन क्वेरी आल्या आणि टेस्ट फुटली, अगदी सीआयसारखी.

आता दुरुस्ती. आकडा दोनचा तीन करणं हा मोह होतो, पण मग टेस्ट एकटी पास होईल आणि घोळक्यात फुटेल. कंटेंट टाइपची क्वेरी हा माझ्या टेस्टचा विषयच नव्हता, म्हणून मी सेटअपमध्ये ती नोंद आधीच मागवून घेतली. कॅशे नेहमी भरलेला, क्वेरी नेहमी दोन. तीच क्वेरी मोजायची असती तर उलट केलं असतं: सेटअपमध्ये 'क्लिअर कॅशे' आणि आकडा तीन. दोन्हींपैकी काहीही चालेल, पण टेस्टने स्वतःची सुरुवातीची स्थिती स्वतः मांडली पाहिजे. साइट्स फ्रेमवर्कच्या कॅशेचंही अगदी असंच आहे.

हे झालं एकटी असताना फुटणाऱ्या टेस्टचं. त्याच्या उलट, एकटी पास आणि सगळ्यांबरोबर फेल, अशी टेस्ट असेल तर दुसऱ्या कुणीतरी घाण केलेली असते आणि तो गुन्हेगार शोधायचा असतो. यासाठी 'रनटेस्ट्स'ला 'बायसेक्ट' पर्याय आहे. फुटणाऱ्या टेस्टचं पूर्ण नाव द्यायचं. स्क्रिप्ट बाकीच्या टेस्टचे दोन भाग करते, प्रत्येक भागाबरोबर तुमची टेस्ट चालवते, ज्या भागाबरोबर ती फुटते तो ठेवते आणि पुन्हा अर्धा करते. शेवटी एक टेस्ट मॉड्यूल हातात उरतं. वेळ लागतो, म्हणून मी हे लावून दुसऱ्या कामाला लागतो. दोन्ही भागांत फुटली किंवा कुठेच फुटली नाही, तर 'पेअर' वापरा. तो तुमची टेस्ट एकेका मॉड्यूलबरोबर जोडीने चालवून बघतो.

क्रमाचाच संशय असेल पण पुरावा नसेल, तर 'रिव्हर्स' देऊन सगळं उलट्या क्रमाने चालवा. जँगो ४.० पासून 'शफल' पर्यायही आहे, तो क्रम पिसतो आणि वापरलेलं सीड, म्हणजे तो क्रम ठरवणारा आकडा, छापतो. ते सीड जपून ठेवा. तेच सीड पुन्हा दिलं की तोच क्रम मिळतो, आणि सहकाऱ्याला 'माझ्याकडे कधी कधी फुटते' असं मोघम सांगण्याऐवजी तुम्ही एक आकडा देऊ शकता.

गुन्हेगार मॉड्यूल सापडल्यावर त्यात काय बघायचं? माझ्या अनुभवात पहिली नजर सेटिंग्जकडे जावी. टेस्टमध्ये सेटिंग्जवर थेट नवी किंमत ठेवली आणि परत पूर्ववत केली नाही, की ती पुढच्या सगळ्यांना चिकटते. 'ओव्हरराइड सेटिंग्ज' वापरलं तर टेस्ट संपताच ती मागे घेतली जाते, शिवाय सेटिंग बदलल्याचा सिग्नल जाऊन जँगोच्या आतले संबंधित कॅशेही साफ होतात. भाषेचंही तसंच: 'अ‍ॅक्टिव्हेट' केलेली भाषा त्या थ्रेडवर तशीच राहते आणि पुढच्या कुठल्या तरी टेस्टमध्ये तारखा भलत्याच भाषेत दिसतात. तिथे 'ट्रान्सलेशन.ओव्हरराइड'ची विथ-ब्लॉक हवी. टेस्टच्या आत मॉडेल क्लास लिहिला असेल तर तो ॲप रजिस्ट्रीत नोंदला जातो. त्यासाठी 'आयसोलेट ॲप्स' डेकोरेटर आहे. त्याच नावाचं मॉडेल दुसऱ्यांदा नोंदलं गेलं तर वॉर्निंग येते, आणि 'रनटेस्ट्स' रनटाइम वॉर्निंगना आणि जँगोच्या डेप्रिकेशन वॉर्निंगना थेट एररच मानते. त्यामुळे 'नुसती वॉर्निंगच तर आहे' म्हणून सोडता येत नाही.

डेटाचा मात्र सहसा दोष नसतो. 'टेस्टकेस' प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतो आणि शेवटी मागे घेतो. पण मेमरीतलं काहीच मागे घेतलं जात नाही, म्हणून वरचे सगळे दोष मेमरीतले आहेत.

एसक्यूलाइटवर पास, पोस्टग्रेसवर फेल

सेटिंग्ज न देता टेस्ट चालवल्या तर त्या एसक्यूलाइटवर, मेमरीतल्या डेटाबेसवर चालतात. वेगवान आहे, रोजच्या कामाला उत्तम. पण जँगो अधिकृतपणे पोस्टग्रेस, मारियाडीबी, मायएसक्यूएल आणि ओरॅकललाही पाठिंबा देतं, आणि तिथल्या सवयी वेगळ्या आहेत.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक म्हणजे 'ऑर्डर बाय' न देता क्रम गृहीत धरणं. एसक्यूलाइट ओळी सहसा घातल्या त्याच क्रमाने परत देतं, म्हणून चूक लपते. पोस्टग्रेसमध्ये ओळ अपडेट केली की तिची नवी प्रत लिहिली जाते आणि ती नंतरच्या जागी निघू शकते. टेस्टला क्रमाशी देणंघेणं नसेल तर 'असर्टकाउंटइक्वल' वापरा, असेल तर क्वेरीतच क्रम द्या.

दुसरी चूक प्रायमरी की (ओळीचा ओळख क्रमांक) हाताने लिहिण्याची. एसक्यूलाइटमध्ये आपोआप वाढणारा आकडा एका साध्या टेबलात ठेवलेला असतो, त्यामुळे ट्रान्झॅक्शन मागे घेतलं की तोही मागे जातो आणि पुढच्या टेस्टमध्ये पहिली ओळ पुन्हा १ क्रमांकाची होते. पोस्टग्रेसचा सिक्वेन्स रोलबॅकने मागे जात नाही. तिथे तुमच्या 'पहिल्या' ओळीचा क्रमांक १७ही असू शकतो. टेस्टमध्ये १ असा आकडा न लिहिता तयार केलेल्या ऑब्जेक्टचा पीके (प्रायमरी की) घ्या.

याशिवाय एसक्यूलाइट स्ट्रिंगची कमाल लांबी पाळायला लावत नाही, पोस्टग्रेस लावतं. एसक्यूलाइटमध्ये 'कंटेन्स' लुकअप इंग्रजी अक्षरांची लहान-मोठी लिपी वेगळी मानत नाही. एखादी गोष्ट एखाद्या डेटाबेसमध्ये खरोखरच नसेल, तर टेस्टमध्ये डेटाबेसचं नाव तपासू नका. 'स्किप अनलेस डीबी फीचर' वापरा, म्हणजे बाहेरचे डेटाबेस बॅकएंड लिहिणाऱ्यांनाही ती टेस्ट जशीच्या तशी चालवता येते. आणि पोस्टग्रेस एकदा लोकलला उभं करून त्याची सेटिंग्ज फाइल बनवून ठेवा. 'सेटिंग्ज' पर्यायाला ती दिली की सीआयची वाट बघत बसावं लागत नाही.

हिरवं झाल्यावरही एक गोष्ट

सगळं पास झालं तरी मी एक तपासणी सोडत नाही. फिक्सचा कोड तेवढा मागे घ्यायचा, नवी टेस्ट ठेवायची आणि चालवायची. ती फुटली पाहिजे, आणि तिकिटात (बगच्या नोंदीत) लिहिलेल्या कारणानेच फुटली पाहिजे. फुटली नाही, तर ती टेस्ट काहीच राखत नाही आणि पुढे कुणी तो बग परत आणला तरी सीआय हिरवंच राहील. जँगोच्या रिव्ह्यूच्या यादीतही हा मुद्दा आहे: रिग्रेशन टेस्ट फिक्सच्या आधी फेल व्हायला हवी.

आणि कधी कधी दोष खरोखरच तुमचा नसतो. टेस्ट मेन ब्रँचवरही त्याच सीडने फुटते, तुमच्या पॅचचा संबंध नाही. तेव्हाही बटण दाबून पुढे जाऊ नका. वेगळं तिकीट उघडा आणि त्यात चार गोष्टी लिहा: टेस्टचं पूर्ण नाव, सीड, पायथन आणि डेटाबेसची आवृत्ती, आणि किती प्रोसेसवर चालवली. बायसेक्टने मॉड्यूल सापडलं असेल तर तेही. मग तुमच्या पुल रिक्वेस्टमध्ये त्या तिकिटाचा क्रमांक द्या. रिव्ह्यू करणाऱ्याला लाल फुलीचं कारण तिथेच मिळतं, आणि ती टेस्ट दुरुस्त करायला घेणाऱ्याला तुम्ही घालवलेला तास पुन्हा घालवावा लागत नाही.